अकरा दिवे

सेंटसाहेबांनी केकचा दरवाजा कापला, बोटांना लागलेलं क्रीम चाटलं आणि त्याच बोटांनी माझ्या गालाला हात लावून म्हणाले, "ही आमची जुनी पोरगी!" मी छप्पन्न वर्षांची आहे. पर्समध्ये चष्म्याच्या काचा पुसायचा कपडा असतो, तो काढून मी तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत गाल पुसला. कुणाला काही वाटलं नाही. टाळ्या चालू होत्या.

पण आधी तो दरवाजा काय होता ते सांगते, नाहीतर नुसतीच चिडचिड ऐकून तुम्ही म्हणाल, बाई तापट दिसते. तापट आहेच, पण कारण आहे.

चौतीस वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने टीव्हीला जोडून घरी खेळायचा व्हिडिओ गेम काढला. कंपनीत आम्ही त्याला नुसतं 'डबा' म्हणायचो. डब्याच्या खाचेत कॅसेट खोचायची की खेळ सुरू. पुढे तो घरोघरी गेला आणि त्याच्या शेकडो कॅसेट निघाल्या, पण पहिल्या दिवशी दुकानात त्याच्यासोबत फक्त नऊ होत्या. नऊच्या नऊ घाईत उरकलेल्या. त्यातली एक माझ्या दादाची होती. तिचं नाव 'दहा मजले'.

खेळ साधा होता. दहा मजल्यांची अंधारी इमारत, हातात तेलाची बुधली घेतलेला एक ठेंगू दिवेवाला आणि प्रत्येक मजल्यावर बारा दिवे. झडप घालणारी वटवाघळं चुकवत बाराही दिवे लावले की उजव्या कडेचा दरवाजा उघडायचा आणि वरचा मजला यायचा. दादाने तो एकट्याने लिहिला. चित्रं चौकटीच्या वहीत पेन्सिलीने काढली, एकेक चौकट रंगवून. दिवेवाल्याची चाल आमच्या बाबांची होती, जराशी डावीकडे कललेली. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मी तपासनीस होते. दादाच्याच शब्दावर मला घेतलं होतं. तपासणीची खोली म्हणजे बिनखिडकीची कोठडी: सहा टीव्ही, सहा खुर्च्या, तापलेल्या धुळीचा वास आणि त्यात कुणाचे तरी न धुतलेले मोजे. सकाळच्या पाळीचे कंट्रोलर दुपारी आमच्या हातात यायचे तेव्हा बटणांवर घामाचा आणि बिस्किटाच्या चुऱ्याचा चिकट थर असायचा. मी रोज स्पिरिटच्या बोळ्याने ते पुसायची आणि बाकीचे हसायचे. "हिला दवाखान्यात पाठवा," म्हणायचे. मग साहेब यायचे. त्यांचा सेंट त्यांच्या आधी खोलीत शिरायचा, त्या सगळ्या वासांवर बसायचा. म्हणून सेंटसाहेब. तोंडावर अर्थातच साहेब.

आता आमच्या कामाची पद्धत सांगते, कारण सगळी घाण तिथेच झाली. आठवा मजला तपासायचा तर दर वेळी पहिल्यापासून कोण खेळत बसणार? म्हणून दादाने आमच्यासाठी एक सोय करून ठेवली होती. दोन बटणं दाबून धरायची, वरचा बाण दोनदा दाबायचा, की दिवेवाला थेट पुढच्या मजल्यावर, बुधली काठोकाठ भरलेली. आम्ही तिला 'लिफ्ट' म्हणायचो. ज्याला जो मजला तपासायचा तो लिफ्टने तिथे जायचा, दिवे लावून बघायचा, कागदावर खूण करायचा आणि लिफ्टनेच पुढे सरकायचा. नियम असा, की सगळ्यात शेवटी लिफ्ट काढून टाकायची आणि एकाने अख्खा खेळ पहिल्या मजल्यापासून दहाव्यापर्यंत खेळून सही करायची. चार तासांचं काम. 'दहा मजले'साठी ते माझ्याकडे होतं.

शेवटच्या आठवड्यात जाहिरातीचे फोटो काढताना सहाव्या मजल्यावरचं चित्र लुकलुकायला लागलं. एका ओळीत दिवे जास्त झाले की डब्याला ते झेपत नसत. सेंटसाहेब म्हणाले, "एक दिवा काढून टाक. कोण मोजतंय?"

मोजणारा होता. दरवाजा मोजत होता. तीन दिवस न झोपलेल्या दादाने दिवा काढला आणि दरवाज्याला सांगायचं राहून गेलं. मजल्यावर दिवे अकरा, आणि दरवाजा बाराव्याची वाट बघत बसलेला.

दादा मला म्हणाला, "चिंगे, लुकलुक थांबली का तेवढं बघ." मी लिफ्टने सहाव्यावर गेले. अकराच्या अकरा दिवे लावले. चित्र अगदी स्थिर होतं. खूण केली आणि लिफ्टने सातव्यावर गेले. दरवाजा उघडला की नाही ते मी बघितलंच नाही. लिफ्ट हाताशी असताना दरवाज्याकडे कोण बघतं?

पण अजून शेवटची तपासणी होती. लिफ्ट काढलेली कॅसेट माझ्या हातात आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि कॅसेट न्यायची गाडी खाली उभी होती. मी तिसऱ्या मजल्यावर असताना सेंटसाहेब मागे येऊन उभे राहिले. "अजून तिसराच? सगळे मजले बघितलेत ना तुम्ही लोकांनी?" मी म्हटलं, बघितलेत, पण लिफ्टने. "मग झालं तर. टिक कर आणि सोड." कागदावर छापलेलं होतं: पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून पाहिले. मी टिक केली, खाली सही केली. टिक करताना मला जरासुद्धा काही वाटलं नाही. त्याचीच आता जास्त किळस येते.

दोन महिन्यांनी पत्रं यायला लागली. पोत्यांनी. सगळी मुलांची, शाईचे डाग पडलेली, एकच प्रश्न विचारणारी: सहाव्या मजल्यावरचा बारावा दिवा कुठे आहे? दादाने पहिलं पत्र वाचलं तेव्हाच त्याचा चेहरा पांढरा पडला. कॅसेट परत बोलावून दुरुस्त करायची तर कंपनीचं नाक कापलं गेलं असतं, म्हणून सेंटसाहेबांनी एक कार्ड छापून घेतलं. त्यावर हसरा दिवेवाला आणि खाली ओळ: 'नीट शोध, सापडेल!' ती कार्डं पाकिटात भरायचं काम तपासणीच्या खोलीला दिलं. मीही भरली. जिभेने पाकिटांचा डिंक ओला करून करून तोंडाला जी चव आली होती ती अजून आठवते.

मग कुणावर तरी ढकलायची वेळ आली. साहेबांनी तपासणीचा कागद मागवला. तो फाइलमध्ये नव्हताच, कुठे सापडलाही नाही. कागद नाही म्हटल्यावर खापर खेळ लिहिणाऱ्याच्या डोक्यावर फुटलं आणि दादाला काढलं. त्यानंतर त्याने एकही खेळ लिहिला नाही. जन्मभर शाळांची हजेरीपुस्तकं संगणकावर चढवून दिली. त्याने लिहिलेलं सगळं कंपनीच्या कपाटात राहिलं. घरात उरली ती दुकानातून आणलेली एक कॅसेट, बंद दरवाज्याची. कागद हरवला तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता, हेही सांगून टाकते. वर्षभराने मी नोकरी सोडली आणि चष्म्याच्या दुकानात काचा तपासायला लागले. तिथे प्रत्येक काच मी दोनदा बघते. मालक वैतागतो.

वहिनी गेल्यापासून मी दादाकडेच राहते. गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांचं सुरू झालं. मधली नजर जाते आहे. समोर बघितलं की राखाडी डाग, मान वळवून कडेने बघितलं की थोडं दिसतं. "कडेची नजर तरी टिकेल का?" मी डॉक्टरांना विचारलं. "पुढच्या तपासणीपर्यंत काही सांगता येणार नाही," ते म्हणाले. आयुष्य काचा तपासण्यात गेलं, आणि घरातल्या माणसाच्या कामी येईल अशी एक काच दुकानात नाही.

त्याच सुमारास बातमी आली की डब्याचे पहिले नऊ खेळ कंपनी एका छोट्या नव्या डब्यात घालून पुन्हा विकणार आहे. दादा त्या दिवशी जेवताना मध्येच थांबला. "चिंगे, आता तरी तो दरवाजा उघडतील. एक आकडा तर बदलायचाय. मला एकदा बघायचाय उघडलेला. दिवे लावून उघडलेला, लिफ्टने नाही." इतक्या वर्षांत त्याने कशासाठीही हट्ट धरलेला मी पाहिला नव्हता. मी कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिन्हींचं उत्तर एकच आलं: 'आपल्या आठवणींबद्दल आभारी आहोत.'

का ते मग कळलं. सेंटसाहेब आता सल्लागार झाले होते आणि मुलाखती देत सुटले होते. एक मी दादाला वाचून दाखवली. "तो दरवाजा मी मुद्दामच बंद ठेवला. आयुष्यात सगळेच दरवाजे उघडत नसतात, हे मला मुलांना शिकवायचं होतं." मी मासिक भिरकावलं. दादा नुसता म्हणाला, "दिवा काढ म्हणाले होते. दरवाजा बंद ठेव असं नव्हते म्हणाले."

लोकांनी ते डोक्यावर घेतलं. बंद दरवाज्याचे टी-शर्ट निघाले, कप निघाले. एकाने तर दंडावर गोंदवून घेतला. आमची झोपेतली चूक, माझी आळशी टिक, आणि हे लोक ती अंगावर मिरवत होते. उष्ट्या ताटाला कुणी नमस्कार करावा तसं ते होतं, आणि मला बघवत नव्हतं.

समारंभाचं आमंत्रण मला आलं, कारण पहिल्या तपासणिसांपैकी पत्ता लागलेली मी एकटीच. दादाला आलं नाही. त्याने जाड पेनाने, भल्या मोठ्या अक्षरात एक चिठ्ठी लिहून दिली: 'सहावा मजला. दरवाजा. १२ च्या जागी ११.' अक्षरं एकमेकांवर चढली होती. "कुणीतरी ऐकेल असा माणूस बघ," तो म्हणाला.

तर असा तो समारंभ. दुपारचे चार, गार हॉल, प्रवेशालाच थर्माकोलचा पुरुषभर उंच दरवाजा आणि त्याची कडी धरून फोटो काढून घेणाऱ्यांची रांग. केकसुद्धा दरवाज्याचाच. सेंटसाहेब ऐंशीकडे झुकलेत, पण सेंट तोच. गालावर क्रीम लावून झाल्यावर त्यांनी माझ्या हातात माइक दिला. "सांग, सांग, आपण कसं गुपित ठेवलं होतं ते!"

मी सांगितलं. आवाज चढलेलाच होता. "कसलं गुपित? एक दिवा काढला आणि दरवाज्याचा आकडा बदलायचा राहिला. मी न खेळता टिक केली. साहेब मागे उभे राहून टिक कर म्हणाले. मुलांनी विचारलं तर आम्ही त्यांनाच नीट शोधा म्हणालो. शिकवण बिकवण काही नव्हती. खेळ लिहिणाऱ्या माझ्या भावाला हाकलून दिलं आणि आज त्याच चुकीचा केक खाताय. लाज वाटत नाही?"

मग सेंटसाहेब खो खो हसले. "पाहिलंत? चौतीस वर्षं झाली, पण आमची माणसं अजून गुपित फोडत नाहीत!"

आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसत म्हणाली, "काय अभिनय केला हो!" मी माइक टेबलावर आपटला, तर तोही त्यांना अभिनयच वाटला. अशा लोकांवर थुंकावं तर तेही जपून ठेवतील, असं मनात आलं, आणि मी बाहेर पडले.

जिन्यात मागून कुणीतरी हाक मारली. चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडत चाललेला माणूस, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा. जुने खेळ नव्या डब्यात बसवायचं काम करणारा इंजिनियर. तो हसत नव्हता.

"मॅडम, दरवाज्यात बारा लिहिलेत, ते मी वाचलंय. चूक आहे असं वर कळवलंही होतं. हात लावायचा नाही म्हणाले."

"मग आता काय हवंय?"

त्याने पाकिटातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. हसरा दिवेवाला. नीट शोध, सापडेल!

"मी नऊ वर्षांचा होतो," तो म्हणाला. "सुट्टीभर शोधला मी बारावा दिवा. पुढच्या सुट्टीतही. धाकट्या बहिणीला सांगितलं होतं, मला सापडत नाही कारण मी मठ्ठ आहे. तिला ते खरंच वाटायचं, ताई. मलाही."

"त्या कार्डाचं पाकीट मी चिकटवलं असेल," एवढंच मी म्हणाले. माफी मागायची तर नक्की कशाकशाची मागायची? मी दादाची चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि डोळ्यांचं सांगितलं.

त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "कंपनीच्या डब्यात बाराच राहणार, ते माझ्या हातात नाही. पण तुमच्या दादांसाठी एक कॅसेट करून देतो. फक्त हा आकडा बदलून. बाकी कशाला हात लावत नाही."

दहा दिवसांनी कॅसेट आली. माळ्यावरचा जुना डबा काढला, पुसला, टीव्हीला जोडला. दुकान सांभाळून रोज दुपारी मी खेळायला बसायची. पहिले तीन दिवस माझा दिवेवाला दुसऱ्या मजल्यावरच मरत होता. बोटं आखडलेली, वटवाघळं तेवढीच तरतरीत. दादा शेजारी खुर्चीवर बसून ऐकायचा आणि "उजवीकडून येतंय," म्हणायचा. आवाजावरून त्याला सगळं कळत होतं.

आठव्या दिवशी सहावा मजला आला. नऊ दिवे, दहा दिवे. दादाने खुर्ची फिरवली आणि टीव्हीकडे पाठ केल्यासारखं भिंतीकडे तोंड केलं. कडेच्या नजरेत दरवाजा बसावा म्हणून. अकरावा दिवा लावला आणि माझा हात थांबला.

दरवाजा उघडला. कर्र असा बारीक आवाज आला, जो त्याने चौतीस वर्षांपूर्वी घातला होता आणि या मजल्यावर कुणी कधी ऐकला नव्हता. भिंतीकडे बघत दादा म्हणाला, "पिवळी फट दिसतेय. आहे ना?"

"आहे."

"जाऊ दे त्याला आत."

बाबांच्या चालीचा तो ठेंगू माणूस डावीकडे कलत आत गेला. मी इथेच थांबून रडून घेतलं असतं, पण दादा म्हणाला, "थांबू नको. शेवटपर्यंत खेळ." शेवटपर्यंत या शब्दाने मला चटका बसला, पण मी खेळत राहिले. सातवा झाला, आठवा झाला. नवव्या मजल्यावर पाच दिवे लागले, सहा लागले.

"थांब," दादा म्हणाला. "बुधली बुडबुडतेय."

सातवा दिवा लागला आणि बुधली रिकामी झाली. तेल नाही तर दिवा नाही, दिवा नाही तर दरवाजा नाही. मी पडदा न्याहाळला, कोपरे धुंडाळले, वाटेत तेल कुठे मिळतं का पाहिलं. मिळत नव्हतं. बुधली दहा मजल्यांना मिळून एकच होती आणि पहिल्यापासून खेळत आलं तर ती नवव्यावर संपत होती. आम्हाला कधी कळलंच नव्हतं, कारण लिफ्टने गेलं की ती भरलेलीच असायची.

म्हणजे सहावा दरवाजा उघडा असता तरी हा खेळ कुणालाही पुरा करता आला नसता. त्या इंजिनियरने दोन सुट्ट्यांऐवजी तीन घालवल्या असत्या, एवढंच. मी कंट्रोलर मांडीवर टाकला. त्या हॉलमध्ये मला सगळ्या जगाची किळस आली होती. आता फक्त माझी आली, आणि ती पुसायला पर्समध्ये कपडा नव्हता.

दादा मात्र हसायला लागला. खुर्ची धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मीही लिफ्टनेच जायचो गं," तो म्हणाला. "मीसुद्धा हा कधी पहिल्यापासून खेळलो नाही."

मग तो चाचपडत कपाटापाशी गेला आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलमधून, अगदी तळातून, घडी घातलेला एक कागद काढून त्याने माझ्यापुढे धरला. मला उघडायच्या आधीच कळलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून पाहिले. निळी टिक. खाली माझी बाविसाव्या वर्षीची, वेलांटीला फुलं काढलेली सही.

"हा तुझ्याकडे होता?"

"साहेबांनी मागवला त्या सकाळी काढून घेतला. दोघांनी घरी बसण्यात काय हशील होतं?"

"आणि एवढ्या वर्षांत एकदा बोलला नाहीस?"

"बोलून काय करायचं? तू रोज प्रत्येक काच दोनदा बघतेस, ते मला दिसत नव्हतं का?" त्याने टेबलावर हात फिरवून पेन शोधला आणि माझ्या हातात दिला. "लिही आता."

मी टिकवर काट मारली. दोनदा, तीनदा, कागद फाटेस्तोवर. मग खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: सहावा मजला, दिवे अकरा, दरवाजा बारा मागतो, उघडत नाही. नववा मजला, पहिल्यापासून खेळत आल्यास तेल पुरत नाही, सात दिवे लागतात, पाच राहतात. दहावा मजला पाहिलेला नाही. खाली आजची तारीख घातली आणि साधी सही केली.

"वाच."

मी वाचून दाखवलं. दादा भिंतीकडे तोंड करून, कडेने माझ्याकडे बघत ऐकत होता.

"आता बरोबर आहे," तो म्हणाला.